वाट, बाट आणि बोट : बँकॉकमधल्या हनिमूनचा हिशेब

"बँकॉकला? हनिमूनला?" लग्नाआधी हा प्रश्न मला किमान वीस जणांनी विचारला आणि त्यातल्या अठरा जणांच्या तोंडावर तेच एक हसू होतं. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या, निनादच्या ऑफिसातल्या एकाने तर "घरचा डबा घेऊन हॉटेलात चाललास की काय," असं त्याला विचारलं. हा विनोद पुढे आणखी तीन वेळा कानावर आला. दर वेळी सांगणाऱ्याला वाटत होतं की तो त्याला आत्ताच सुचलाय.

लग्न मे २०२५ मध्ये, ठरवून झालेलं. दोघांची रजा जुळली ती जूनमध्ये, तीही सहा दिवसांची. भारतीय पासपोर्टला तेव्हा ६० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नव्हता. फक्त १ मे २०२५ पासून सक्तीचं झालेलं टीडीएसी नावाचं डिजिटल आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं. ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट उघडली असेल तर ती बंद करून सरकारी साइट शोधा. बाकी चलन बाट, आणि आम्ही गेलो तेव्हा एका बाटला साधारण २ रुपये ६५ पैसे पडत होते.

आता एजंट. त्याने पाठवलेल्या पीडीएफमध्ये दोन रात्री पट्टाया, तीन रात्री बँकॉक, एक बेट, एक सफारी पार्क, 'इंडियन बफेसह रोमँटिक क्रूझ', एका रात्रीपुरतं 'हनिमून बेड डेकोरेशन' आणि 'जेम्स गॅलरीला भेट' असं सगळं होतं. मी विचारलं, जेम्स गॅलरीत काय करायचं? "मॅडम, बघायचं. सगळे बघतात." नाही बघायचं असेल तर? "मग गाडीचे वेगळे पैसे होतील." म्हणजे आमच्या मधुचंद्राचा थोडा भार एका माणिक-नीलमवाल्याने उचलला होता. मी फोन ठेवला आणि निनादला म्हटलं, आपण विमान आणि खोली तेवढी बुक करू, बाकी तिथे गेल्यावर बघू. त्याने लगेच होकार दिला. लग्नानंतर आमचं पहिल्यांदा एकमत झालं ते तेव्हा.

खोली मात्र आम्ही जपून निवडली. एजंटचं हॉटेल होतं प्रातुनामच्या बाजारात; आम्ही घेतली ती जुन्या शहरात, था तियेन धक्क्याजवळ, चाओ फ्राया नदीवर उघडणारी. अकरा खोल्यांचं घरगुती हॉटेल, लिफ्ट नाही, रात्रीचे ३,४०० बाट, म्हणजे नऊ हजार रुपये. सगळ्या प्रवासातला उधळेपणा काय तो एवढाच. बाल्कनीसमोर पलीकडच्या काठावर वाट अरुण उभं. संध्याकाळी त्यावर दिवे लागले की आपण काहीही बोललो नाही तरी चालतं, आणि लग्नाला अठरा दिवस झालेल्या, एकमेकांना नीट न ओळखणाऱ्या दोन माणसांना ही फार मोठी सोय आहे.

तक्रारीही सांगते. पहाटे साडेपाचपासून बोटींची इंजिनं सुरू होतात. आणि बाथरूमचं दार. सरकतं, काचेचं, खाली दोन बोटं फट. हॉटेलवाल्यांना ते 'मॉडर्न' वाटत असावं. खोली बुक करताना नदी दिसते का हे आम्ही चारदा विचारलं होतं. बाथरूमला कडी आहे का हे विचारायचं सुचलंच नाही. शेवटी एक जण आत गेला की दुसऱ्याने बाल्कनीत जाऊन देवळाकडे बघत बसायचं, असा अलिखित नियम झाला. नव्या जोडप्यांनो, गुलाबपाकळ्या नंतर, आधी बाथरूमच्या दाराचा फोटो मागवा.

'वाट' म्हणजे थाई भाषेत देऊळ, विहार. वाट अरुण, वाट फो, वाट फ्रा केओ. माझ्या सासऱ्यांचं नाव अरुण. पहिल्याच संध्याकाळी निनादने कुटुंबाच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'बाबांची वाट'. त्यावर घरून इतके फोन आले की पुढचा अर्धा तास आमची वाट लागली. देवळाचं नाव खरोखरच आपल्या अरुणावरून, सूर्याच्या सारथ्यावरून आहे, आणि त्याच्या कळसावरची नक्षी चिनी मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांची आहे, हे सांगितल्यावर सासरे खूश झाले. था तियेनवरून पलीकडे नेणाऱ्या होडीचे ५ बाट.

माझ्या हिशेबात या शहरातली सगळ्यात चांगली सेवा बोटीची. चाओ फ्राया एक्स्प्रेस १९७१ पासून चालते आणि तिच्या बोटी ओळखायच्या झेंड्याच्या रंगावरून. पिवळा, हिरवा-पिवळा हे चाकरमान्यांचे, गर्दीच्या वेळेचे. निळा पर्यटकांचा, त्यात इंग्रजीतून माहिती सांगतात आणि दर जास्त. नारंगी रोजचा, दिवसभराचा, कुठूनही कुठेही १६ बाट. धक्क्यावर निळ्या बोटीचं तिकीट विकणारे "हॅलो मॅडम" करून हाका मारतात. नारंगीसाठी कुणी हाक मारत नाही, तिथे आपणच शाळेच्या पिशव्या आणि भाजीच्या टोपल्यांमागे रांगेत उभं राहायचं. साथोर्न हा मधला धक्का, डोक्यावरच बीटीएस आकाशगाडीचं सफान ताक्सिन स्टेशन. तिथून वर एन १, एन २ असे नंबर मोजत गेलं की एन ३० ला नोंथाबुरी. राजवाड्यासाठी एन ९, था चांग. चिनी वस्तीसाठी एन ५, राचावोंग. एवढे तीन-चार नंबर लक्षात ठेवले की टॅक्सीच्या भानगडीत पडावं लागत नाही.

बोट धक्क्याला लागते ती जेमतेम अर्धा मिनिट. मागच्या टोकाला उभा असलेला खलाशी शिट्ट्या मारतो, लांब, आखूड, पुन्हा आखूड, आणि पुढचा चालक त्या हिशेबाने बोट मागेपुढे घेतो. तिकीट देणाऱ्या बाईच्या हातात पत्र्याचा लांबुडका डबा असतो. त्यात नाणी आणि तिकिटाची गुंडाळी. तो खुळखुळवत ती गर्दीतून फिरते. लहानपणी एसटीत कंडक्टर चिमटा टिकटिकवत यायचा, अगदी तसंच. फरक इतकाच की ही बाई सुटे मागताना ओरडत नाही.

पहिल्या दिवशी आम्ही चढलो आणि रिकामी दिसली म्हणून मागच्या बाजूला उभे राहिलो. दोन मिनिटांत तिकीटवाल्या बाईने माझ्या दंडाला हलकेच धरून मला पुढे सरकवलं. ती जागा भिक्खूंसाठी राखीव होती आणि बायकांनी भिक्खूंना चुकूनही लागायचं नसतं. निनादला मात्र तिने काही म्हटलं नाही. त्यामुळे हनिमूनच्या पहिल्या सकाळी मी शाळकरी मुलींमध्ये आणि नवरा चार भगव्या वस्त्रांच्या मधोमध, असा आमचा प्रवास झाला. लांबून तो इतका गरीब दिसत होता की मला त्याच्याविषयी पहिल्यांदा जरा माया वाटली. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही; आता वाचेल.

राजवाड्याचं तिकीट माणशी ५०० बाट. महाग आहे, तरी घ्या. गुडघे-खांदे झाकलेले हवेत. निनाद अर्ध्या विजारीत आला होता, त्याला फाटकाबाहेर हत्तींच्या चित्रांची पायघोळ विजार घ्यावी लागली, ती तो अजून घरी घालतो. बाहेर एखादा सभ्य दिसणारा माणूस "आज राजवाडा बंद आहे, चला दुसरं देऊळ दाखवतो" म्हणाला तर नमस्कार करून सरळ पुढे चालू लागा. आत वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांमध्ये रामकियन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलंय. आम्ही पहिल्या दहा चित्रांपाशीच तासभर रेंगाळलो, कारण तिथल्या एका गाइडचं बोलणं कानावर पडलं आणि आमचे डोळे विस्फारले. इथला हनुमान ब्रह्मचारी नाही. चांगला रसिक आहे. दशकंठाची, म्हणजे रावणाची, सुवर्णमत्स्या नावाची जलपरी मुलगी सेतूचे दगड पळवते आणि हनुमान तिला पकडायला जातो तो तिच्या प्रेमात पडूनच वर येतो. दर शनिवारी मारुतीला तेल घालणाऱ्या निनादने थोडा विचार केला आणि म्हणाला, "आईला हे सांगायचं नाही."

त्याच तिकिटात साला चालेर्मक्रुंग या १९३३ सालच्या नाट्यगृहातला खोनचा छोटा प्रयोगही धरलेला असतो, सोमवार ते शुक्रवार. खोन म्हणजे मुखवटे घालून केलेलं रामायणाचं नृत्यनाट्य. आपल्याकडच्या दशावतारात जसा संकासुर भाव खाऊन जातो तसा तिथे माकडसेनेचा दंगा. पाचशे बाट तिथे वसूल झाले. बहुतेक लोक तिकिटाचा तो भाग न वापरताच फेकून देतात.

आता माझ्या धंद्याचा विषय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. त्यामुळे 'कपल स्पा' या प्रकाराबद्दल मला आधीपासूनच शंका होती. तरी एकदा घेतला, एका मॉलमधला. मंद दिवे, सुगंधी मेणबत्ती, पाण्यात तरंगणारी फुलं, आणि नव्वद मिनिटं पाठीवर तेल चोळणं. स्नायू कुठे सुरू होतो, कुठे संपतो याचा चोळणारीला पत्ता नाही. दोघांचे मिळून साडेतीन हजार बाट गेले आणि माझी मान होती तशीच.

दुसऱ्या दिवशी वाट फोमध्ये गेलो. तिथला ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध बघायला सगळेच जातात आणि त्याच्या पाठीमागच्या भिंतीलगत ओळीने ठेवलेल्या १०८ काशाच्या भांड्यांत नाणी टाकत पुढे सरकतात, ते बघाच. पण आवारात तिसरा राम या थाई राजाच्या काळातले साठ शिलालेख आहेत, माणसाच्या आकृत्यांचे, तीस पुढून नि तीस मागून, शरीरावरच्या दाबबिंदूंच्या रेषा कोरलेल्या. बागेत खडकांवर ऋषींचे छोटे पुतळे, प्रत्येक जण काही तरी ताणतोय, कुणी पाठ, कुणी मनगट. त्या व्यायामांचं थाई नावच 'रुसी दत तोन', त्यातला रुसी म्हणजे आपला ऋषी. मी एकेका पुतळ्यासमोर तोच ताण देऊन बघत होते आणि नवरा चार हात लांब उभा राहून ही बाई आपल्याबरोबर नाही असं दाखवत होता.

तिथलं मालिश शिकवणारं विद्यालय १९५५ पासूनचं. मालिशची जागा म्हणजे लांब हॉल, ट्यूबलाइट, ओळीने गाद्या, शेजारी घोरणारे काका. रोमान्स शून्य. तेलही नाही, सैल कपडे घालून झोपायचं आणि त्यांनी अंगठा, कोपर, गुडघा, टाच या सगळ्यांनी दाबायचं. माझ्या वाट्याला पन्नाशीच्या एक बाई आल्या. त्यांनी माझ्या उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली अंगठा ठेवला, थांबल्या आणि "वर्क?" एवढंच विचारलं. आठ वर्षं मी जिथे दुखतंय म्हणून स्वतःला टाळतेय, ती जागा त्यांना दहा सेकंदांत सापडली. शेजारच्या गादीवरून निनादचा "आई गं" ऐकू येत होता. तासाभराचे माणशी पाचशे बाटही झाले नाहीत. नुआद थाई, म्हणजे हे पारंपरिक मालिश, २०१९ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. माझं मत विचारलं असतं तर आधीच गेलं असतं. फक्त कंबरेत गादी सरकलेल्यांनी, गरोदर बायकांनी आणि रक्तदाबवाल्यांनी आधी सांगावं, आणि मानेला झटका द्यायला स्पष्ट नाही म्हणावं. हे मी धंद्याच्या अधिकाराने सांगतेय.

क्रूझ आम्ही घेतली नव्हती, ती आहेरात आली. निनादच्या मावसभावांनी परस्पर बुक केली, 'फोटो पाठव' या अटीवर. नाव लिहीत नाही, सगळ्या एकाच माळेच्या असाव्यात. आम्हाला टेबल मिळालं खालच्या मजल्यावर, एसी इतका की काचांवर बाहेरून दव. नदी दिसत नव्हती, आपलीच धुरकट सावली दिसत होती. पनीर होतं, जिरा राइस होता, गुलाबजाम थंड. मग डीजेने हनिमूनच्या जोड्यांना पुढे बोलावलं. अकरा जोड्या निघाल्या. केक एक. बावीस हात एका सुरीवर, आणि मागे कुणाचं तरी बाळ रडतंय. वाट अरुण आलं तेव्हा आम्ही दालच्या रांगेत होतो. परत येईतो ते मागे पडलं. उतरताना पुठ्ठ्याच्या चौकटीत आमचा फोटो २०० बाटला विकायला तयार होता. घेतला, कारण अट होती. फोटोत माझ्या हातात वाटी आहे.

तीच नदी, तेच देऊळ, त्याच दिव्यांसकट आमच्या बाल्कनीतून दिसत होतं आणि तिथे जिरा राइस नव्हता.

खाण्याचं म्हणाल तर मी शाकाहारी, नवरा सर्वाहारी. शाकाहाराला थाई शब्द 'मांगसविरत', म्हणजे आपली मांसविरती. हा शब्द कळल्यावर मी तो मंत्रासारखा वापरला. त्याहून कडक 'जे', पिवळ्या पाटीवर लाल अक्षर, त्यात अंडं, कांदा-लसूणही नाही. मांगसविरत म्हटल्यावरही मासळीचा रस, नाम प्ला, पडतोच कधी कधी, म्हणून 'माय साय नाम प्ला', नाम प्ला घालू नका, हेही पाठ केलं. निनादने पहिल्याच दिवशी 'पाद क्रापाओ' मागवलं, चिकनचा खिमा आणि हिरवी पानं. मी वास घेतला तर तुळस. साक्षात तुळस, मूठभर, तेलात परतलेली. मी त्याच्याकडे बघत राहिले. "वृंदावनातली नाही ना," म्हणून त्याने ताट संपवलं.

जूनचा एक फायदा कुणी सांगत नाही: फळं. मँगोस्टीन हे आपल्या कोकमाचं सख्खं भावंड, पण आंबटपणा विसरून आलेलं. जांभळी टरफलं फोडत आम्ही दोन किलो संपवले. ड्युरियन या उग्र वासाच्या काटेरी फळासाठी नारंगी बोटीने थेट नोंथाबुरीला गेलो, कारण तिथलं ड्युरियन नावाजलेलं. फणसाच्या घरात वाढलेल्या माणसाला वासाचं एवढं भय नसतं. चव बरक्या फणसासारखी, वर कुणी तरी परतलेला कांदा भुरभुरलाय अशी. निनादला आवडलं. हॉटेलच्या जिन्यापाशी ड्युरियनवर लाल फुली मारलेली पाटी आहे, त्यामुळे धक्क्यावरच संपवून, हात तीनदा धुऊन परतलो. जूनचा तोटा म्हणजे दुपारनंतर कोसळणारा पाऊस आणि त्याआधीचा घामट उकाडा. रजा तुमच्या हातात असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी गाठा.

एक गोष्ट कुठल्याच पॅकेजमध्ये नाही, म्हणून सांगते. सेंट्रलवर्ल्ड या मॉलबाहेर त्रिमूर्तीचं छोटं देवस्थान आहे, शेजारी गणपती. थाई तरुण पोरं तिथे प्रेम मागायला येतात, गुरुवारी रात्री साडेनऊला, लाल गुलाब, लाल मेणबत्त्या, लाल उदबत्त्या घेऊन. त्रिमूर्ती आणि गुरुवार! आमच्या घरात दत्ताचा वार म्हणून गुरुवारी आजही उपास. थाईतही गुरुवार बृहस्पतीच्याच नावाचा. मूर्ती आपल्या दत्तासारखी नाही, गाय नाही, कुत्रे नाहीत, पण हात आपोआप जोडले गेले. भोवती सगळे एकटे जीव, डोळे मिटून पुटपुटत. निनाद म्हणाला, "आपलं तर झालंय, आपण कशाला रांगेत?" मी म्हटलं, लग्न झालंय, बाकीचं मागायला काय हरकत आहे? तो काही बोलला नाही. गुलाबांचे पैसे त्यानेच दिले.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही राचावोंगला नारंगी बोट चुकवली. ती सहाच्या आसपास संपते, हे ध्यानात ठेवा. नदीच्या कडेकडेने पायी निघालो तर पाक ख्लोंग तलातचा फुलबाजार लागला, दिवसरात्र उघडा. झेंडूचे ढीग, कमळांच्या कळ्या, बर्फावर ठेवलेला मोगरा. एका बाईकडून २० बाटला मोगऱ्याची गुंफलेली गोल माळ घेतली आणि तिथेच केसांत खोचली. बाई तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या, शेजारच्या दोघी उठून बघायला आल्या. ती माळ देवापुढे ठेवायची असते, नाही तर टॅक्सीच्या आरशाला. निनादने हातवारे करून विचारलं, काढू का? बाईंनी मान हलवली, पुढे वाकून माझी निसटलेली पिन नीट लावली, आणि आणखी एक माळ त्याच्या हातात ठेवली. तिचे पैसे घेतले नाहीत.